एक घर, एक माणूस, एक वही : खुनानंतर मागे राहिलेल्या कुटुंबांसाठी काम करणारा गट कसा चालवावा

सरकारी रुग्णालयाच्या शवागाराबाहेर बसलेल्या घरच्यांचा पहिला प्रश्न न्यायाचा नसतो. तो असतो, "बॉडी कधी देणार?" दुसरा, "अंगावरचं सोनं, मोबाइल कोणाकडे आहे?" आणि तिसरा, अगदी हळू आवाजात, "फार त्रास झाला का हो तिला?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधून आणता येतात. तिसऱ्याचं उत्तर आपल्याकडे नसतं, आणि नेमक्या त्याच वेळी काहीतरी बोलून टाकावंसं वाटतं. आमच्या गटातल्या एका नव्या मुलीने एका आईला सांगितलं, "नाही हो मावशी, लगेच गेली ती." पुढे दीड वर्षाने न्यायालयात डॉक्टरांची साक्ष झाली. मागच्या बाकावर बसून आईने ती सगळी ऐकली. त्यानंतर तिने आमचा फोन कधी उचलला नाही. चूक त्या मुलीची कमी आणि माझी जास्त होती. गट मी चालवत होते. "माहीत नाही" हे शब्द कसे उच्चारायचे, याचा सराव मी तिच्याकडून करून घेतला नव्हता.

२०२२ साली महाराष्ट्रात खुनाचे २,२९५ गुन्हे नोंदले गेले, देशभरात २८,५२२. म्हणजे राज्यात रोज सहा घरांच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहते. ब्रिटनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या तरुणाचा खून झाला, पोलिसांनी त्याच्या आईवडिलांना कसं वागवलं यावर १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने बोट ठेवलं, आणि कुटुंबाशी बोलण्यासाठी खास प्रशिक्षित पोलीस अधिकारी नेमण्याच्या पद्धतीला तिथून जोर आला. आपल्याकडे तसं पद नाही. पण पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्ते बसवण्याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला तो असाच. खुनाच्या घरांसाठी मात्र जिल्ह्याजिल्ह्यात चार-पाच माणसांचे गट आपापल्या हिमतीवर उभे राहतात. असा गट चालवणाऱ्यांसाठी हे टिपण आहे.

आधी ठरवा : काय करणार नाही

गट मोडतो तो बहुतेक वेळा भलतंच काम अंगावर घेतल्याने. म्हणून एका कागदावर लिहून काढा. आपण तपास करत नाही. साक्षीदार शोधत नाही. वकील मिळवून देण्याचे पैसे घेत नाही, तडजोडीची बोलणी करत नाही, पत्रकारांशी बोलत नाही. "फाशी होईल", "सुटणार नाही" असलं काही म्हणत नाही. हा कागद पहिल्या-दुसऱ्या भेटीतच घरच्यांना वाचून दाखवा. लोक नाराज होतील असं वाटतं, पण उलट होतं. आश्वासनं त्यांना गल्लीतल्या प्रत्येकाने दिलेली असतात. काय जमणार नाही ते सांगणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटतो.

माणसं निवडताना मी एक प्रश्न हमखास विचारते : "हा आरोपी निर्दोष सुटला तर त्या घरी दुसऱ्या दिवशी तुम्ही काय कराल?" जो मोर्चा काढायचं म्हणतो तो चांगला कार्यकर्ता असेल, पण आपल्या कामाचा नव्हे. "चहाच्या वेळी जाऊन बसेन" म्हणणारा चालेल. स्वतःच्या घरात खून झालेली माणसंही या कामात येऊ इच्छितात, आणि त्यातली काही फार मोलाची असतात. त्यांचा स्वतःचा खटला चालू असेल तर मात्र थांबायला सांगा. हे सांगणं जड जातं.

एका घरामागे एक मुख्य कार्यकर्ता आणि एक जोडीदार. कुटुंबाकडे एकच फोन नंबर. गटातल्या तिघांनी एकाच आईला एकाच दिवशी "कशा आहात?" विचारणं हा छळ आहे. एका माणसाकडे सहापेक्षा जास्त चालू घरं देऊ नका. त्यातलं एखादं पहिल्या महिन्यात असेल तर चारच.

तालुक्याच्या गावात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. घर सोपवण्याआधी कार्यकर्त्याला सरळ विचारा : आरोपी नात्यातला आहे का, भावकीतला आहे का, त्याच्या दुकानात उधारी आहे का? हे नंतर कळलं तर गट त्या गावातून उठतो.

वही

प्रत्येक घरामागे एक दोनशेपानी वही. कोण भेटलं, काय सांगितलं, कोणी सांगितलं, पुढची तारीख कोणती. एवढंच. "दिराचा संशय येतो", "आई काहीतरी लपवतेय" असले तर्क त्यात लिहायचे नाहीत. वकील आणि अशिलातल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे, आपल्या नोंदींना नाही. उद्या कोणी ती वही न्यायालयात मागवली तर त्यातलं प्रत्येक वाक्य भर कोर्टात वाचलं जाईल, हे धरूनच लिहायचं. मोबाइलमध्ये नोंदी ठेवायला माझी हरकत नाही. पण फोन हरवतो, आणि वही घरच्यांसमोर उघडून दाखवता येते.

पहिले तीन दिवस

तुम्हाला बोलावणं कुठून येणार? पोलीस ठाण्यातून, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून किंवा रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांकडून. या तिन्ही ठिकाणी गुन्हा घडण्याआधी ओळख हवी. पेपरात बातमी वाचून थेट दारात जाऊ नका. त्या दिवशी त्या दारात आधीच खूप अनोळखी लोक असतात.

या दिवसांत समुपदेशन करायचं नाही. मनातलं सगळं बोलून घ्यायला लावण्याने लोक सावरत नाहीत, कधीकधी आणखी खचतात. जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचारासाठी सांगितलेली रीत साधी आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. व्यवहारात याचा अर्थ पाणी, चार्जर, बाळाचं दूध, आजीची बीपीची गोळी, आणि पुढे काय होणार याची खरी माहिती.

ती माहिती क्रमाने द्या. आधी मरणोत्तर पंचनामा, मग पीएम म्हणजे शवविच्छेदन, मग मृतदेह ताब्यात. पीएम अहवाल पोलिसांकडे जातो, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखला असेल तर त्या अहवालाला वेळ लागतो. कपडे, मोबाइल, दागिने मुद्देमाल म्हणून जप्त होऊ शकतात. म्हणजे ते हरवलेले नाहीत, पण लगेच मिळणारही नाहीत. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते. लोक अजून खुनाला जुन्या दंड संहितेतलं "तीनशे दोन" म्हणतात, एफआयआरवर मात्र कलम १०३ दिसतं. "कलम बदललं, केस हलकी केली" असा समज होऊन एक चुलते ठाण्यात भांडायला निघाले होते. एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडित कुटुंबाला मोफत मिळते, तीही ताबडतोब. ती घ्या, झेरॉक्स काढा, मृताच्या नावातलं अक्षर न् अक्षर आधारकार्डाशी ताडून पाहा. इथली चूक पुढे मृत्यूच्या दाखल्यापासून विम्यापर्यंत त्रास देते.

चेहरा पाहायचा की नाही हे घरच्यांनी ठरवायचं. आपलं काम इतकंच, की आधी एका धीराच्या नातेवाइकाने आत जाऊन यावं आणि काय दिसणार आहे ते बाकीच्यांना बाहेर सांगावं. पाहू नका म्हणून हात धरून मागे ओढलेली बायको मला आठ वर्षांनीही भेटते आणि तेच बोलते.

मग आपल्याकडचा तो नेहमीचा पेच : "आरोपी पकडल्याशिवाय बॉडी ताब्यात घेणार नाही." बाहेर जमाव, दोन-तीन पक्षांचे लोक, पोलिसांची बस. यात गटाने बाजू घ्यायची नाही. घ्या म्हणायचं नाही आणि घेऊ नकाही म्हणायचं नाही. एकच करायचं. सगळ्यात जवळच्या माणसाजवळ, म्हणजे आईजवळ, बायकोजवळ, खाली बसून विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं?" हा प्रश्न त्या दिवशी तिला कोणीच विचारलेला नसतो. तिने उत्तर दिलं तर ते घरातल्या कर्त्या माणसापर्यंत पोचवायचं. तिथून पुढचं त्यांचं.

मोबाइलवर फोटो फिरतात. हे टाळता येणार नाही असं धरून चाला. घरातल्या एका तरुण नातेवाइकाला हे काम द्या : आईचा आणि मुलांचा फोन त्याच्याकडे, व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून बाहेर पडणं, काही फिरताना दिसलं तर स्क्रीनशॉट ठेवून सायबर पोलिसांकडे तक्रार.

आणि मुलं. "आई गावाला गेली", "देवाघरी झोपली" याने चार दिवस निघतात, मग वर्गातला कोणीतरी खरं सांगतो. घरातल्या विश्वासाच्या माणसाने, छोट्या वाक्यांत : आई मेली आहे, ती परत येणार नाही, तिला एका माणसाने मारलं, यात तुझी काही चूक नाही. हे सांगताना आपण शेजारी बसायचं, बोलायचं मात्र घरच्यांनीच.

'कुटुंब' म्हणजे कोण?

नवख्या गटाचा इथे घोटाळा होतो. नवऱ्याने बायकोचा खून केला, तर माहेरचे आणि सासरचे दोन्हीकडे रडणं आहे, आणि मधे दोन मुलं आहेत ज्यांची आई गेली आणि बाप तुरुंगात. दोन्ही घरांशी एकाच कार्यकर्त्याने बोलू नये. आमच्याकडे आम्ही फक्त माहेर आणि मुलं धरतो. सासरच्यांना दुसऱ्या संस्थेचा पत्ता देतो. हे काहींना कठोर वाटेल. मुलं कोणाकडे राहणार यावर वाद असेल तर बालकल्याण समितीकडे जा, पंचायत बसवू नका. बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. त्याचा अर्ज पहिल्या तीन महिन्यांत करून टाका. मामा-मामींवर अचानक दोन मुलांचा खर्च पडलेला असतो, आणि तो बोलून दाखवायची त्यांना लाज वाटते. दागिने आणि शेतीवरून भांडण उठतंच. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २५ नुसार खून करणाऱ्याला खून झालेल्या व्यक्तीची मालमत्ता वारसाने मिळत नाही. एवढं एक वाक्य वेळेवर सांगितलं तर बरीच रात्रीची भांडणं मिटतात.

पहिले नव्वद दिवस

हा कागदांचा काळ. तेरावा झाला की पाहुणे जातात, घर रिकामं होतं, आणि नेमकं तेव्हा काम सुरू होतं.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांच्या आत कळवायचं असतं, मेसेजने कळवलं तरी चालतं. घरच्यांनी रोज ठाण्यात खेटे घालण्यापेक्षा कार्यकर्त्याने तपास अधिकाऱ्याशी पंधरा दिवसांतून एक ठरलेला वार बांधून घ्यावा. तो वार पाळला गेला आणि "नवीन काही नाही" एवढंच कळलं, तरी तेच घरी जाऊन सांगायचं. घरचे आपल्यावरचा भरवसा बातमीवरून नाही, निरोप ठरल्या वेळी येतो की नाही यावरून ठरवतात.

नव्वद दिवसांचा दुसरा अर्थ आधीच समजावून ठेवा. खुनाच्या गुन्ह्यात तेवढ्या मुदतीत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपी जामिनाचा हक्कदार होतो. जामीन म्हणजे सुटका नव्हे. पण आरोपी चौकात पानटपरीवर उभा दिसल्यावर हे सांगून काही उपयोग नसतो, ते त्याआधी सांगायला हवं. जामिनाच्या सुनावणीत पीडिताचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खीरी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. सरकारी वकिलांच्या मदतीला कुटुंब स्वतःचा वकील देऊ शकतं. दोषारोपपत्राची प्रत पीडिताला मिळते ती वकिलामार्फत, म्हणून तो लवकर पाहा. परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची १५१०० ही हेल्पलाइन आहे.

भरपाईचं काम किचकट आहे, म्हणून गटातल्या एकाच माणसाला त्यात तरबेज करा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खालच्या भरपाई योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी मृतावर अवलंबून असलेल्यांना अर्ज करता येतो. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. स्त्रीचा खून असेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत ५ ते १० लाखांची तरतूद आहे. अॅट्रॉसिटीचा गुन्हा लागला असेल तर मदत ८ लाख २५ हजार : निम्मी पीएम झाल्यावर, निम्मी दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. तिथे समाजकल्याण कार्यालय आणि जिल्हाधिकारी यांचा पाठपुरावा लागतो. मनोधैर्य योजनेचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण ती बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ल्यासाठी आहे. नुसत्या खुनाच्या घरी ते नाव घेऊन आशा लावू नका.

आणि पैसा आला की काही घरांत तो कोणी हात लावत नाही. "लेकराच्या जिवाची किंमत" म्हणतात. घाई करू नका. मुलांच्या नावावर मुदत ठेव करता येते, एवढं एकदा सांगून गप्प बसा.

धमक्या येत असतील तर अर्ज तोंडी नको, लेखी. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ ला मंजूर केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती असा अर्ज पाहते.

न्यायालयाची वर्षं

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला. पुण्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल आला १० मे २०२४ ला : दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. राज्यभर माणसं पाठीशी असलेल्या कुटुंबाला साडेदहा वर्षांहून जास्त थांबावं लागलं, तर वीटभट्टीवरच्या कुटुंबाला किती थांबावं लागेल याचा अंदाज धरूनच गटाची आखणी करा. तीन वर्षांच्या निधीवर चालणाऱ्या गटाने हे काम घेताना दोनदा विचार करावा.

खटल्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा वेगळा ओळख क्रमांक) वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि ई-कोर्ट या न्यायालयांच्या संकेतस्थळावर आदल्या संध्याकाळी तारीख बघा. घरच्यांना प्रत्येक तारखेला न्यायला नको. सत्तर किलोमीटर एसटीने येऊन "साहेब रजेवर आहेत" ऐकणं वर्षातून सहा वेळा झालं की माणूस खचतो. कोणत्या तारखेला जायलाच हवं हे सरकारी वकिलांना विचारून ठरवा. बाकीच्या तारखांना आपल्यातला एक जण जाऊन दहा मिनिटांत फोन करतो.

साक्षीच्या आठवडाभर आधी रिकाम्या कोर्टरूममध्ये घेऊन जा. पिंजरा कुठे, आरोपीचे नातेवाईक कुठे बसतात, पाणी कुठे, बाथरूम कुठलं चालू आहे. पुराव्याबद्दल मात्र एक शब्दही नाही. "हे आठवतं का", "असं सांगा" असं चुकून बोललात तर उलटतपासणीत "संस्थेने शिकवलेला साक्षीदार" म्हणून घरच्यांचीच साक्ष पडते. कार्यकर्ता नवा असेल तर या भेटीला मी स्वतः सोबत जाते.

मुद्देमाल उघडतात तो क्षण आधी सांगून ठेवा. एका बापाला आम्ही सांगितलं होतं की सीलबंद पाकिटं फोडतील, कपड्यांवर डाग असतील, ओळखता का असं विचारतील. ते कपडे पाहून शांत राहिले. मग शिपायाने दुसऱ्या पाकिटातून एक चप्पल काढली, उजव्या पायाची, अंगठ्याशी मोच्याने घातलेल्या काळ्या दोऱ्याच्या टाक्यांसह. तो टाका त्यांनीच आदल्या आठवड्यात घालून आणला होता. चपलेचं आम्ही सांगितलं नव्हतं, कारण आम्हाला माहीत नव्हतं. त्यानंतर आम्ही सरकारी वकिलांना विचारून घेतो, की पाकिटांत काय काय आहे ते घरच्यांना सांगायला हरकत आहे का. बहुतेक वेळा नसते.

निकालाच्या दिवसाची तयारी तिन्ही शक्यतांची : शिक्षा, सुटका, आणि पुढची तारीख. गाडी कुठे उभी राहील, कॅमेरे टाळून कोणत्या दाराने निघायचं, बोलायचंच असेल तर कोण बोलेल, रात्री घरी कोण थांबेल. निर्दोष सुटका झाली तर पीडित कुटुंबाला अपिलाचा हक्क आहे. गुन्हा कमी गंभीर ठरवला किंवा भरपाई अपुरी दिली तरी आहे. शिक्षा कमी झाली एवढ्याच कारणासाठी मात्र त्यांना अपील नाही, ते सरकारला करावं लागतं. हा फरक निकालानंतर रागाच्या भरात कोणाच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून आधीच समजावा. शिक्षा झाली तरी काही वर्षांनी आरोपी संचित रजेवर (फर्लो) किंवा अभिवचन रजेवर (पॅरोल) गावात येतो, हेही.

गटाचं काय

आठवड्यातून एकदा दीड तास, फोन बंद. प्रत्येकाने एका घराबद्दल बोलायचं, आणि मी दोनच प्रश्न विचारते : "या आठवड्यात तू काय कबूल करून आलीस?" आणि "घरी गेल्यावर काय डोळ्यांसमोर राहिलं?" पहिला प्रश्न कुटुंबासाठी, दुसरा तिच्यासाठी. जी सलग तीन आठवडे "मी ठीक आहे" म्हणते, तिच्यासोबत मी स्वतः चहाला जाते. फोटो, पीएम अहवाल, व्हिडिओ गरज नसताना कोणी पाहायचे नाहीत, कुतूहलाने तर नाहीच. स्वतःची मुलगी चौदा वर्षांची असलेल्या बाईला चौदा वर्षांच्या मुलीच्या खुनाचं घर देऊ नका. तिने मागितलं तरी.

गट चालवणाऱ्याला ऐकणारंही कोणीतरी बाहेरचं हवं, महिन्यातून एक तास. मी पाच वर्षं याकडे दुर्लक्ष केलं, आणि शेवटी एका ठाणे अंमलदारावर विनाकारण ओरडले. तो बिचारा फक्त बसा म्हणाला होता.

घरच्या कोणाची झोप, जेवण, काम सहा महिन्यांनीही रुळावर येत नसेल, किंवा जगणं नको असं बोलणं येत असेल, तर ते आपल्या आवाक्यातलं नाही. सहा महिने म्हणजे आधी थांबायचं असंही नाही. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आणि टेली-मानसचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा नंबर वहीच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

कार्यकर्ती नोकरी सोडते तेव्हा नव्या माणसाची ओळख फोनवर करून देऊ नये. दोघींनी मिळून घरी जायचं, जुनीने नवीच्या हातात वही द्यायची, तीही घरच्यांसमोर. घराशी असलेलं काम संपवायचं असेल तेव्हाही तसंच : दोन महिने आधी सांगायचं, फोन अंतरा-अंतराने करायचे, आणि शेवटची भेट घरी. अपिलाची मुदत संपेपर्यंत मी कुठलंही घर बंद करत नाही.

अशाच एका शेवटच्या भेटीत वडिलांनी खिळ्यावरून जुनी कालनिर्णयं काढून आणली. सात होती. प्रत्येक तारखेभोवती निळ्या पेनाने गोल. आमच्या कार्यकर्त्याने वही उघडली आणि दोघं जमिनीवर बसून एकेक तारीख ताडू लागले. चौथ्या वर्षातली एक तारीख जुळेना. वहीत अठरा होती, कालनिर्णयात एकोणीस. ई-कोर्टवर पाहिलं. एकोणीसच होती. वडिलांनी पेन मागितलं, वहीतला आकडा खोडला, आणि वर नीट लिहिला.